शंभरातील ८२ मुले आणि गुरुजींची नजर

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांत गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. विहारासमोर मंडप पडतो, पंचशील ध्वजाच्या पताका लागतात, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प अर्पण होते, त्रिसरण-पंचशील होते. मंचावर एखादे प्राध्यापक, एखादे सेवानिवृत्त अधिकारी आणि निवडणूक जवळ असेल तर दोन-तीन भावी नगरसेवकही असतात. ऐंशी टक्क्यांच्या वर गुण घेतलेल्या मुलामुलींना पुस्तक, गुलाबपुष्प आणि सन्मानचिन्ह मिळते. असे सोहळे आम्ही स्वतः गेली पंधरा-सोळा वर्षे भरवत आलो आहोत. वर्गणी आम्ही गोळा केली, पत्रिका आम्ही छापल्या आणि भाषणेही आम्हीच ठोकली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात एक तरुण आला. पदवीधर. रस्ता रुंदीकरणात घराचा पुढचा भाग जाणार म्हणून त्याच्या वडिलांच्या नावे नोटीस आलेली. दीड पानांची, मराठीतली. ती टेबलावर ठेवून तो म्हणाला, "वकीलसाहेब, यात काय लिहिलं आहे ते जरा सांगा ना." आम्ही म्हणालो, तूच वाच. त्याने वाचली, कुठेही न अडखळता, घडाघडा. मग आम्ही विचारले, हरकत घ्यायला मुदत किती दिवसांची आहे? त्याला सांगता आले नाही. ते वाक्य त्याने अर्ध्या मिनिटापूर्वी मोठ्याने वाचले होते! दुसऱ्यांदा वाचायला लावले, तेव्हाही तो कागदाकडे आणि मग आमच्याकडे पाहत राहिला. निघताना ओळख निघाली. सात-आठ वर्षांपूर्वी याच मुलाला आम्ही मंचावर बोलावून सन्मानचिन्ह दिले होते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. या मुलाला दहा वर्षे शाळेत कोणी शिकवले नाही असे नाही. पाठ झाले, चाचण्या झाल्या, परीक्षा झाल्या, गुणही मिळाले. प्रत्येक वर्गाच्या गुरुजींनी आपापल्या वर्षाचे काम उरकले आणि मूल पुढच्या गुरुजींच्या हवाली केले. पण हे मूल वयाच्या पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या घरावर आलेली नोटीस वाचून समजू शकेल काय, हा प्रश्न त्या दहा वर्षांत कोणाच्या डोळ्यासमोर होता? आमच्याही नव्हता. आम्ही टक्के पाहून टाळ्या वाजवल्या.

हा प्रश्न बाबासाहेबांच्या डोळ्यासमोर मात्र होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी तो उभा केला होता. तारीख लक्षात घ्या. बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावणार होते. त्या भाषणात बाबासाहेबांनी सरकारी आकडे सरकारच्याच तोंडावर ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करणारे सरकार दारूच्या उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी तेव्हाच सुनावले. पण आम्हाला या भाषणातली सर्वांत मोलाची गोष्ट आकड्यांच्या आधीची वाटते. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, हे त्यांनी तिथे ठरवून दिले आहे. शाळेच्या दारातून आत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आयुष्यभर! सरकार पटावरची नावे मोजत होते आणि बाबासाहेबांनी मोजपट्टीच बदलली. मूल दाखल झाले काय, पास झाले काय, याने शाळेची परीक्षा होत नाही. ते मूल वीस वर्षांनी काय करू शकते याने होते. आज शिक्षणशास्त्राची जाडजाड पुस्तके 'दीर्घकालीन अध्ययन उद्दिष्टे' म्हणून जे सांगतात ते आमच्या बापाने १९२७ साली कौन्सिलात सांगून ठेवले आहे.

आज मुले चौथीतच शाळा सोडून जात नाहीत. पटनोंदणीचा प्रश्न बराचसा सुटला. पण ८२ चा प्रश्न सुटला का? ग्रामीण भारतातील मुलांची घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०२२ साली २०.५ टक्के होते, २०२४ साली ते २७.१ टक्के झाले. सुधारणा झाली म्हणून पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही, पण शंभरातील सुमारे ७३ मुले अजून मागेच आहेत. तेव्हाची ८२ मुले शाळेच्या बाहेर पडून निरक्षर होत होती, आताची शाळेच्या आत बसून मागे पडतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रोज उपस्थितीची खूण होते.

यात आम्ही शिक्षकाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा दिवस जवळून पाहिलेला माणूस तसे करणार नाही. सकाळी पोषण आहाराचा हिशेब, दुपारी माहिती ऑनलाइन भरणे, मध्येच केंद्रप्रमुखांचा निरोप, संध्याकाळी फोटो पाठवणे. तिसरीच्या पुढच्या वर्गांना नियतकालिक चाचण्या आल्या, त्यांचे गुण भरायचे. मार्च २०२५ मध्ये निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम आला. दुसरी ते पाचवीच्या मुलांना वाचन आणि गणिताच्या ठरावीक पातळ्यांवर जूनअखेर आणून दाखवायचे होते. त्यात चावडी वाचन होते. चावडी हा शब्द वाचून आम्हाला क्षणभर बरे वाटले. ज्या चावडीच्या पायरीखाली आमच्या आजोबांना उभे केले जाई, तिथे त्यांची पणती मोठ्याने पुस्तक वाचते, यात आनंद का वाटू नये? पण तीन-साडेतीन महिन्यांत पातळी दाखवायची म्हटल्यावर माणूस काय करतो ते उघड आहे. जो उतारा चावडीवर वाचायचा तोच महिनाभर घोकून घेतला जातो.

सरकार शिक्षकाला लांबचे पाहूच देत नाही. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्याची वाट पाहत आझाद मैदानावर बसतो. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या तरुणाचे मानधन वर्षानुवर्षे सहा हजार होते, २०२३ मध्ये ते सोळा हजारांवर आले. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने लहान शाळांतल्या पदांवरच टाच आणली. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपली शाळा असेल की नाही हे ठाऊक नाही, तो पहिलीतल्या मुलाच्या दहावीचा विचार कोणत्या बळावर करणार? मुळात लांबचे न पाहण्याची सवय शासनालाच जडलेली आहे. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत दिली होती. ती १९६० साली संपली. शिक्षण हक्काचा कायदा अंमलात यायला १ एप्रिल २०१० ही तारीख उजाडावी लागली. मध्ये गेलेल्या पन्नास वर्षांत आमच्या किती पिढ्या गारद झाल्या याचा हिशेब कोणी मांडला?

त्याच कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. निवडणुकीच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या प्रकरणात सांगून ठेवले आहे की मतदार याद्यांची आणि निवडणुकीची कामे शिक्षकांना सुटीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशी द्यावीत. शिकवणीच्या दिवशी शिकवणीच्या वेळात सहसा देऊ नयेत. हा निवाडा किती शिक्षकांनी वाचला आहे? आणि जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरत होते, ते कलम २७ मध्ये कुठे बसते? शिक्षक संघटना पगार, पेन्शन आणि बदल्यांसाठी मोर्चे काढतात, जरूर काढाव्यात. पण शिकवणीचे तास हिरावले म्हणून मुलांच्या बाजूने न्यायालयात उभी राहिलेली संघटना शोधावी लागते.

एवढे सगळे मान्य करून आता वर्गात येऊ. कारण वर्गाचे दार लावल्यानंतरची गोष्ट गुरुजींच्याच हातात असते, तिथे कोणताही शासन निर्णय आडवा येत नाही.

आमच्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालते. तिथे तिसरीतली एक चिमुरडी यायची. बडबडी. आजीची बकरी, बकरीची पिल्ले, पाटावर गेलेली ताई, तिची गोष्टच संपायची नाही. "बकरीनं पानी पेलं आन् पयाली" असे तिचे बोलणे. एकाएकी ती गप्प झाली. शाळेत काय झाले ते तिच्या मैत्रिणीने सांगितले. वर्गात ती 'पानी' म्हणाली की बाई थांबवत, 'पाणी म्हण' म्हणत, पुन्हा 'पानी' आले की पुन्हा थांबवत, आणि सगळा वर्ग हसे. बाईंचा हेतू वाईट नव्हता. तपासणी जवळ आलेली होती, स्पष्ट उच्चाराचे वाचन दाखवायचे होते. गंमत अशी की मुलीची 'पातळी' खरोखरच वाढली. ती आता उतारा वाचते, ण ला ण म्हणते. फक्त आपण होऊन एक वाक्यही बोलत नाही. विचारले तर हो किंवा नाही.

शुद्ध बोलणे, शुद्धलेखन शिकवू नका असे आमचे म्हणणे नाही. प्रमाण मराठी आमच्या मुलांना आलीच पाहिजे. अर्ज तिच्यात आहेत, कायदे तिच्यात आहेत, न्यायालयाची नोटीस तिच्यात येते. पण ती येते भरपूर वाचनातून आणि भरपूर बोलण्यातून, पाचवी-सहावीपर्यंत हळूहळू. ण आज आला काय आणि दोन वर्षांनी आला काय, मुलीचे काही बिघडत नाही. तिसरीत मिटलेले तोंड मात्र दहावीतही उघडत नाही. मग ती पाठ करून पास होते, महाविद्यालयात मागच्या बाकावर बसते, मुलाखतीत घाम पुसते. आम्ही वकिली करताना याचा शेवटचा अंक पाहतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात फिर्यादी बाई पिंजऱ्यात उभी असते. घडले ते तिने डोळ्यांनी पाहिलेले, अंगावर झेललेले. आरोपीचा वकील तिच्या एकेका शब्दावर टोकतो, तसतशी ती आक्रसत जाते आणि शेवटी हो-नाहीवर येते. टोकले की गप्प व्हायचे, हे ती कुठे शिकली असेल?

दुसरे उदाहरण गणिताचे घेऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचण्याची आणखी एक रीत आली. एकवीसला वीस एक, बहात्तरला सत्तर दोन. त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत विनोद, विधानसभेत थट्टा, मराठीची हत्या झाल्याचा आक्रोश. जुनी रीत पुस्तकातून काढलेली नव्हती, ही गोष्ट त्या गोंगाटात कोणी ऐकलीच नाही. ज्यांच्या अध्यक्षतेखाली ते पुस्तक झाले त्या मंगला नारळीकरांनी (त्या २०२३ साली गेल्या) शांतपणे कारण सांगितले. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी लिहावा लागतो, लहान मूल तिथे गोंधळते. सत्तर दोन म्हटले की दशक आणि एकक त्याच्या कानालाच कळतात. ही रीत बरी की वाईट यावर वाद होऊ शकतो. पण विचार कसा केला ते पाहा. बहात्तर हा शब्द पाठ करून घेणे हे दुसरीचे काम झाले. सात म्हणजे इथे सात दहा, हे समजणे हे सातवीच्या दशांश अपूर्णांकाचे आणि नववीच्या बीजगणिताचे काम आहे, ते दुसरीत पेरावे लागते. हातचा का घेतात हे न कळता नुसता हातचा घेणारे मूल चौथीपर्यंत पैकीच्या पैकी गुण घेते. पुढे ते नववीत कोसळते, आणि नववीचे सर म्हणतात, "यांचा पायाच कच्चा आहे." पाया घालणारे गुरुजी तोवर दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलेले असतात.

कोणी म्हणेल, ही गोष्ट सगळ्याच मुलांची आहे, यात जातीचा काय संबंध? संबंध आहे. ज्या घरात तीन-चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्या घरात लांबचे उद्दिष्ट आईबाप सांभाळतात. गुरुजी विसरले तर आई आठवण देते, शाळा कमी पडली तर शिकवणी लागते, घरात 'पाणी'च बोलले जाते, जेवताना बाबा वर्तमानपत्रातली बातमी समजावून सांगतात. मूल मोठेपणी काय होणार हे त्या घरात बोलले जाते, शाळा त्या प्रवासातले एक वाहन असते, इतकेच. आमच्या वीटभट्टीवर जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आईला लेकराने शिकावे असे जीव तोडून वाटते. पण तिसरीत काय आले म्हणजे दहावीत काय जमेल, हे तिला कोण सांगणार? तिच्या घरात वीस वर्षांचा नकाशा फक्त एका माणसाजवळ असू शकतो, गुरुजींजवळ. त्या माणसाने पंधरा दिवसांपलीकडे पाहायचे सोडले की मुलाकडे तो नकाशा उरतच नाही. शिक्षकाच्या आखूड नजरेची किंमत सगळीच मुले थोडीफार मोजतात, पूर्ण किंमत मोजतात ती पहिल्या पिढीची मुले.

आपल्या चळवळीच्या इतिहासातला सर्वांत मोठा गुणगौरव सोहळा आठवून पाहा. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेला तो सत्कार. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्या वेळी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी होते, केळुस्करांच्या वर्गातले नव्हते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा नेमाने येऊन वाचत बसतो, एवढीच त्यांची ओळख सुरू झाली होती. सत्कार संपल्यावर गुरुजी घरी जाऊन बसले नाहीत. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांपर्यंत गोष्ट नेली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ते पुस्तक भेट दिल्यापासून दीक्षाभूमीपर्यंत सुमारे अर्धे शतक गेले आणि १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या पुस्तकाची आठवण लिहून ठेवली. केळुस्करांना काही दीक्षाभूमी दिसत नव्हती. त्यांना मॅट्रिकच्या पुढचे बी.ए. दिसत होते, आणि तेवढ्यासाठी त्यांनी पायपीट केली. आम्ही मात्र सन्मानचिन्ह देऊन मंडपाचे पैसे चुकते करतो.

आता पुन्हा कायद्याकडे, कारण सध्या पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचा विषय घरोघरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या मूळ कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ साली केंद्राने ते कलम बदलले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम दुरुस्त केले, आणि आता पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात, अशी व्यवस्था आहे. अनेक पालकांना आणि खरे सांगायचे तर आमच्या अनेक कार्यकर्त्यांनाही हे आवडले. धाक हवाच, असे ते म्हणतात. 'नापास करायचे नाही' याचा अर्थ 'शिकवायचे नाही' असा कित्येक ठिकाणी घेतला गेला, ही वस्तुस्थिती आम्ही नाकारत नाही.

पण कायदा पूर्ण वाचा. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहणे आणि गरज असेल तिथे जादा शिकवणे, पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती त्यांना सांगणे, आणि यात कसूर झाल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे कायद्याने नापास न करण्याच्या जोडीला वर्षानुवर्षे मुलामागे राहण्याचे बंधनही घातले होते. पहिला भाग फुकटात अंमलात आला, दुसऱ्यावर कोणी बोट ठेवले नाही. पहिली ते पाचवी अशी पाच वर्षे कलम २४ मोडले, म्हणून एका शिक्षकावर कारवाई झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पाचव्या वर्षाच्या शेवटी शिक्षा मात्र दहा-अकरा वर्षांच्या पोराला! फौजदारी कायद्यात याला काय म्हणतात ते आम्ही इथे लिहीत नाही. शिवाय आता गुरुजींची नजर आठ-दहा वर्षांवरून पाचवीच्या मार्च-एप्रिलवर येऊन थांबणार. संभाव्य प्रश्न घोकले जातील, मुले पास होतील आणि नोटीस वाचून न कळणाऱ्या पदवीधरांची पुढची तुकडी तयार होईल.

मूल्यमापनाच्या नावाने काय चालते तेही पाहण्यासारखे आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. मुलाच्या वाटचालीची वर्णनात्मक नोंद शिक्षकाने ठेवावी अशी ती कल्पना, आणि कल्पना उत्तम. कारण अशी वही हाती असेल तर बदलून आलेल्या नव्या गुरुजींनाही कळेल की हे पोर कुठून निघाले आणि कुठे निघाले आहे. प्रत्यक्षात तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. 'परिपाठात उत्साहाने सहभागी होतो', 'सांगितलेली कामे वेळेत करतो', अशी वाक्ये ओळीने चाळीस मुलांच्या नावापुढे उतरवली जातात. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात तपासणीच्या या तऱ्हेवर बोट ठेवले होते. तपासनीस वर्षातून जेमतेम एकदा येतो, त्याचा उपयोग काय? तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ न कळवता शाळेला भेट द्यावी, असे ते सुचवतात. आगाऊ कळवून होणाऱ्या तपासणीत काय दिसते हे जोतीरावांना पक्के ठाऊक होते.

आणि आमचे स्वतःचे शिक्षक? राखीव जागांवर लागलेले, ज्यांचा जयभीम खणखणीत, जे चौदा एप्रिलला पुढच्या रांगेत असतात? त्यांतले काही जण खरोखर दिव्याखाली बसून वस्तीतली मुले घडवतात, त्यांना आमचा मानाचा जयभीम. पण काहींची स्वतःची मुले शहरातल्या इंग्रजी शाळेत आणि हे गावच्या शाळेत पाट्या टाकतात. त्यांना मनुवाद्यांनी अडवलेले नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले आणि १९५० साली मराठवाड्यात पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या त्या मुलखात आमच्या समाजातले पदवीधर किती होते? त्या वर्षीच्या निकालासाठी ते महाविद्यालय नव्हते. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या आवारातून कवी, लेखक, वकील आणि पँथर बाहेर पडले. त्यांच्या कमाईवर आपण बोलतो, लिहितो.

आम्ही आमच्यापुरता बदल केला आहे, मोठेपणा म्हणून नव्हे तर झालेल्या चुकीची भरपाई म्हणून सांगतो. अभ्यासिकेत आता प्रत्येक मुलाची एक वही आहे. दर दोन महिन्यांनी मुलाने स्वतःच्या शब्दांत अर्धे पान लिहायचे आणि आम्ही तारीख टाकायची, गुण द्यायचे नाहीत. जूनमधले पान आणि मार्चमधले पान शेजारी ठेवले की अक्षरओळख नसलेल्या आईलाही फरक दिसतो, दोनच ओळींच्या दहा ओळी झाल्या हे डोळ्यांना कळते. सातवीच्या पुढच्या मुलांना दर रविवारी एक खरा कागद वाचायला देतो. वीजबिल, शिधापत्रिकेचा अर्ज, सातबारा, जुनी नोटीस. वाच आणि मग सांग, यात कोणाला काय करायला सांगितले आहे. पहिल्या रविवारी बहुतेकांना जमले नाही. आता निम्म्यांना जमते. ती गप्प झालेली मुलगी बोलू लागली आहे, पण आजीच्या बकरीइतके अजून नाही.

दुसरे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. पण आमच्या बायांना घरी वही पाठवून सह्या घेतल्या जातात. आमच्या वस्तीतल्या तीन माता समितीवर आहेत. त्यांच्याबरोबर बसून आम्ही प्रश्न ठरवले. इमारत, रंगरंगोटी, पोषण आहार हे प्रश्न नेहमीचे आहेत, ते असू द्या. नवीन प्रश्न दोनच. माझ्या मुलाला गेल्या वर्षी जे येत नव्हते आणि आता येते असे काय आहे, ते त्याच्याकडून करवून दाखवा. आणि आधीचे गुरुजी बदलून गेले तेव्हा त्यांनी या मुलाबद्दल तुम्हाला काय लिहून दिले?

मागच्या सभेत त्यांतल्या एका मातेने दुसरा प्रश्न विचारला. मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत, चिडले नाहीत. कपाट उघडून त्यांनी बराच वेळ शोधाशोध केली, दोन गठ्ठे सोडून पाहिले, मग म्हणाले, "ताई, तसं काही आमच्याकडे येत नाही. पण मी पुढच्या सभेपर्यंत चौथीच्या मुलांचं तरी लिहून ठेवतो, म्हणजे पाचवीच्या सरांना देता येईल." ते इतिवृत्तात नोंदवून घेतले आहे. पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. तिघी जाणार आहेत, आणि त्या दिवशी आम्ही न्यायालयात तारीख घेतलेली नाही.